मोजमाप पुस्तिकेवरची सही

१४ ऑक्टोबर २०२०. सोलापूर जिल्ह्याला त्या दिवशी पावसानं अक्षरशः झोडपून काढलं. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी, कुंभार घाटावर नव्यानं बांधलेली भिंत कोसळली आणि सहा माणसं तिच्याखाली गाडली गेली. त्याच काठावर आधीच्या पिढ्यांनी बांधलेले महाद्वार घाट, उद्धव घाट उभे आहेत. त्यांच्या पायऱ्यांवरून भीमेचे कितीतरी पूर गेले.

अशी बातमी आली की सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो : जबाबदार कोण? प्रश्न एक वाटला तरी त्याच्या पोटात दोन निराळे प्रश्न आहेत. दोष कुणाला द्यायचा, हा एक. देणं कुणी लागतं, हा दुसरा. दोषाचा निवाडा सभागृहात, चौकात, प्रचारसभेत होतो आणि तो काही दिवसांत उरकतो. देण्याचा निवाडा कोर्टात होतो, त्याला कागद लागतात आणि वर्षं लागतात. हे दोन प्रश्न आपण एकमेकांत मिसळतो. त्या गोंधळात मेलेल्या माणसाच्या घरच्यांच्या हाती ना धड दोषाचा निकाल येतो, ना देण्याचा.

दोषाची गोष्ट आधी घेऊ. नोव्हेंबर १९५६ मध्ये तामिळनाडूत अरियलूरजवळ रेल्वेगाडी नदीत कोसळली, शंभरावर माणसं मेली आणि रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी महबूबनगरच्या अपघातानंतरही त्यांनी राजीनामा देऊ केला होता, तेव्हा पंडित नेहरूंनी तो घेतला नव्हता. सत्तर वर्षं झाली तरी प्रत्येक दुर्घटनेनंतर शास्त्रींचं नाव निघतं. निघायलाच हवं. पण त्या राजीनाम्यानं कायद्याचा एकही प्रश्न सुटत नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं. पुलाची देखभाल कुणाकडे होती, पाणी चढत असताना गाडी पुढे का सोडली, मृतांच्या वारसांना काय मिळणार, याचं उत्तर राजीनाम्याच्या पत्रात नसतं. राजीनामा देणारा स्वतःचं पद देतो. लोकांचं देणं त्यातून फिटत नाही.

महाराष्ट्राला हा धडा पुण्यात मिळाला. १२ जुलै १९६१, बुधवार. अंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडवत होतं आणि त्याचं काम अजून पुरं झालं नव्हतं. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचं छत सळ्या घातलेल्या काँक्रीटचं नव्हतं, साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं होतं. ती मोरी खचू लागली, वरची माती बसू लागली. आदल्या रात्रभर लष्कराचे जवान वाळूच्या गोण्या रचत होते. सकाळी धरण फुटलं. पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि १८७९ सालच्या त्या जुन्या दगडी धरणालाही ते पेललं नाही. दुपारपर्यंत पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या.

राज्य स्थापन होऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. सरकारनं न्यायमूर्ती बावडेकरांचा चौकशी आयोग नेमला. चौकशी अर्धवट असतानाच बावडेकरांचा मृत्यू झाला आणि काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धाच्या काळात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. राजकारणाचं पान उलटलं. पूरग्रस्तांचं पान मात्र उलटलं नाही. त्यांच्यासाठी पुण्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारी सोसायट्या झाल्या आणि त्या जागांच्या मालकी हक्काचा प्रश्न त्यांच्या नातवंडांपर्यंत चालत आला. दोषाची चर्चा संपल्यावरही देणं किती दूर चालत येतं, ते पानशेतमध्ये दिसलं.

चौकशी आयोग म्हणजे न्यायालय, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानं नेमलेला आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण कुणाला शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा अहवाल ही शिफारस असते. एवढंच नव्हे, आयोगापुढे एखाद्यानं दिलेली जबानी त्याच्याचविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याचा. म्हणजे आयोगापुढे जे उघड होतं, ते कोर्टात पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो सभागृहापुढे ठेवायचा आणि काय कारवाई केली तेही सोबत सांगायचं, अशी तरतूद याच कायद्यात आहे. आयोग नेमला म्हणून समाधान मानणाऱ्यानं हे सहा महिने मोजावेत.

आता देण्याकडे येऊ. देणं दोन तऱ्हेचं : तुरुंगाचं आणि पैशाचं.

पोलीस गुन्हा नोंदवतात तेव्हा बहुतेक वेळा कलम लागतं ते निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं. जुन्या दंडसंहितेत ते ३०४-अ होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं आणि ही मर्यादा पाच वर्षांवर गेली. याहून वरचं कलम सदोष मनुष्यवधाचं. मृत्यू होऊ शकतो हे माहीत असूनही कृत्य केलं, असं सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ‘निष्काळजी होता’ आणि ‘माहीत होतं’ या दोन शब्दांमधल्या फटीत मोठमोठे खटले अडकून पडलेत. भोपाळच्या वायुदुर्घटनेचंच पाहा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरचं कलम काढून ३०४-अ ठेवलं आणि २०१० मध्ये आरोपींना दोन वर्षांची शिक्षा झाली. घटना १९८४ ची.

त्यातही ३०४-अ ची एक अट मुंबईतल्या एका खटल्यानं पक्की केली. १९६२ मध्ये रंग आणि व्हार्निशच्या कारखान्यात आग लागून सात कामगार मेले. कारखान्यात मूळ परवानगीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं, उघड्या शेगडीवर माल शिजत होता. खटला व्यवस्थापकावर चालला. १९६५ मध्ये कुर्बान हुसेन रंगवाला या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मृत्यू हा आरोपीच्या निष्काळजीपणाचा थेट, निकटचा परिणाम असला पाहिजे. एका कामगारानं गरम रसायनात टर्पेंटाइन घाईनं ओतलं, आग त्यामुळे लागली, म्हणून व्यवस्थापक ३०४-अ मधून सुटला. आगीबाबत हयगय केल्याचं हलकं कलम तेवढं टिकलं.

हा निकाल मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. पूल, धरण, भिंत पडल्यावर दायित्व खाली खाली का घरंगळत जातं, याचं उत्तर त्यात आहे. कायदा सगळ्यात जवळचा हात शोधतो. जवळचा हात नेहमी खालच्या माणसाचा असतो : ठेकेदाराचा सुपरवायझर, शाखा अभियंता, तपासणीचा अहवाल लिहिणारा. काम अमुक तारखेला उरका, निधी मार्चअखेर खर्ची पाडा, पाहुणे यायच्या आत पूर्ण करा, हे सांगणारा आवाज दूरचा असतो आणि तो फोनवरचा असतो. कागदावर त्याची सही नसते. म्हणून सभेत दोष वर फेकला जातो आणि कोर्टात दायित्व खाली येतं. मधला निर्णय, जिथे घाई ठरली आणि पैसा कापला गेला, तो दोन्हींतून निसटतो.

सरकारी नोकराच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. वर्षानुवर्षं या परवानगीवाचून प्रकरणं पडून राहत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं कलम २१८ मध्ये १२० दिवसांची मुदत घातली. तेवढ्या दिवसांत सरकारनं काहीच ठरवलं नाही तर परवानगी दिली असंच धरायचं. माझ्या मते या विषयात अलीकडे झालेली ही सगळ्यात कामाची सुधारणा आहे, आणि तिच्याबद्दल फार थोड्यांना माहिती आहे.

आता पैसा. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री जाहीर करतात तो आकडा भरपाईचा नसतो. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘सानुग्रह अनुदान’ असतं. शब्द नीट वाचा. सानुग्रह, म्हणजे कृपेसह, मेहेरबानी म्हणून. नुकसानभरपाई हा हक्क आहे, तिला चूक सिद्ध व्हावी लागते आणि तिचा हिशेब मेलेल्या माणसाची कमाई, वय, मागे राहिलेली माणसं यांवरून होतो. पाच लाखांचा धनादेश घेताना त्या घराला वाटतं, विषय संपला. कायद्यानं तो संपलेला नसतो. अनुदान घेतलं म्हणून भरपाई मागायचा हक्क जात नाही. हे त्या माणसांना त्या वेळी कुणीतरी सांगायला हवं आणि बहुतेकदा कुणीच सांगत नाही.

सरकारकडून भरपाई मागता येते का, हा प्रश्न आपल्याकडे एका घोड्यापासून सुरू झाला. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजूर बोटीच्या धुराड्याचा लोखंडी भाग उचलून नेत होते. समोरून पी. अँड ओ. कंपनीची घोडागाडी आली, मजुरांनी तो तुकडा खाली टाकला, आवाजानं घोडा बिथरला आणि जखमी झाला. कंपनीनं ३५० रुपये मागितले. १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी निर्णय दिला की सरकारनं पैसे द्यावेत, कारण गोदी चालवणं हे कुणीही खासगी माणूस करू शकेल असं काम आहे, राजसत्तेचं नाही. सरकार सार्वभौम म्हणून वागत होतं की साध्या मालकासारखं, ही रेषा तेव्हापासून आहे. १९९४ मध्ये नागेंद्र राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही रेषा बरीच पुसली आणि आजच्या काळात नोकरांच्या निष्काळजीपणातून राज्याला सहज सुटता येणार नाही, असं सांगितलं. पूल बांधणं, धरण राखणं ही कामं राजाची म्हणून माफ होतील, अशी आशा आता कुठल्याच खात्यानं ठेवू नये.

तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतोच. १८६८ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात नियम घातला होता : आपल्या जमिनीवर तलाव बांधून पाणी साठवलंस आणि तो फुटून शेजाऱ्याच्या खाणीत पाणी गेलं, तर चूक असो वा नसो, भरपाई दे. पण १८७४ मध्ये मद्रासकडचा तसाच खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. कार्वेतनगरच्या जमीनदाराचे दोन तलाव अतिवृष्टीनं फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. न्यायाधीश म्हणाले, या देशात तलाव राखणं हे जमीनदाराचं परंपरेनं आलेलं कर्तव्य आहे, शेती त्यावर जगते, म्हणून हयगय सिद्ध झाली तरच तो भरपाई देणं लागेल. १९८६ मध्ये, दिल्लीच्या वायुगळतीनंतर, न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं घातक उद्योगांसाठी नियम कडक केला, सबब ऐकायचीच नाही असा. पण पाणी, पूल आणि भिंती यांच्याबाबत अजून हयगय दाखवावी लागते. म्हणूनच दुसऱ्या बाजूनं लगेच ‘ढगफुटी’, ‘अभूतपूर्व पाऊस’, ‘निसर्गापुढे कुणाचं चालत नाही’ ही वाक्यं येतात.

सोलापूर जिल्ह्याला ही वाक्यं नवी नाहीत. भीमेला पूर येतो तेव्हा पाणी आकाशातून येतं तसं उजनीच्या दरवाजांतूनही येतं, आणि नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी नरसिंहपूरच्या संगमावर भीमेत मिसळतं. उजनीत ११७ टीएमसी पाणी मावतं. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा आणि किती सोडायचं, याचं वेळापत्रक असतं. पूर ओसरल्यावर विचारायचा प्रश्न असा : त्या आठवड्यात दर तासाला किती क्युसेक सोडलं, आणि वेळापत्रकाप्रमाणे किती सोडायला हवं होतं? ही दोन्ही उत्तरं धरणाच्या नोंदवहीत असतात. निसर्ग कुठे संपला आणि विसर्ग कुठे सुरू झाला, ते त्या वहीत सापडतं.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीची घरं वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं मेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. त्यानंतर तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. राज्यभर त्यावर संताप झाला. मला त्या विधानातला अभियांत्रिकीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. मातीच्या धरणात खेकडे, उंदीर बिळं करतात, हे खरंच आहे. म्हणूनच पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत बिळं, झुडपं आणि ओल पाहायची असते आणि बिळं बुजवायची असतात. खेकडा हे कारण मानलं, तर ती तपासणी कुणी केली आणि काय लिहिलं, हाच पुढचा प्रश्न होतो. खेकड्याचं नाव घेऊन कुणाचीच सुटका होत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं आता अशा तपासण्या बंधनकारक केल्या आहेत. निर्देशांचं पालन न केल्यानं जीव गेले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि खात्याच्या प्रमुखाला ‘मला माहीत नव्हतं’ हे स्वतः सिद्ध करावं लागेल, अशी तरतूदही त्यात आहे.

महाडच्या सावित्री नदीवरच्या पुलाचं उदाहरण वेगळ्या कारणानं लक्षात ठेवावं. २ ऑगस्ट २०१६ ला रात्री १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या आणि एक छोटी गाडी नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. मनात आणलं तर राज्य किती वेगानं काम करू शकतं, याचा हा पुरावा आहे.

आणि हद्दीचा वाद? १४ मार्च २०१९ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला, तेव्हा पहिले काही तास पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावरच गेले. काही महिन्यांपूर्वीच संरचना तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीसह योग्य ठरला होता. पुढे तपासणी करणाऱ्याला आणि पालिकेच्या अभियंत्यांना अटक झाली.

परवाना देणाऱ्याचं काय, याचं उत्तर दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या खटल्यानं दिलं. १९९७ च्या आगीत ५९ माणसं मेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहाचे मालक ८५ टक्के आणि वीज मंडळ १५ टक्के असं दायित्व वाटलं, पण परवाना देणारे पोलीस आणि महापालिका यांना भरपाईतून वगळलं. वाईट हेतू किंवा उघड हयगय दाखवल्याशिवाय परवाना अधिकाऱ्यावर पैशाचं दायित्व येत नाही, असं कारण दिलं. हा निकाल मला पटत नाही. कागदावर सही करणाऱ्याला काहीच जोखीम नसेल, तर तो जागेवर जाऊन का पाहील?

सगळं पुन्हा सहीपाशी येतं. सरकारी कामाचं मोजमाप पुस्तक असतं, सगळे त्याला ‘एमबी’ म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी ते संगणकावर गेलं आहे, पण पिढ्यानपिढ्या ते बांधणीचं पुस्तक होतं, पानांवर छापील क्रमांक असलेलं, पान फाडता येऊ नये म्हणून. रकाने ठरलेले : कामाचा तपशील, संख्या, लांबी, रुंदी, खोली, परिमाण. शाखा अभियंता जागेवर मोजून नोंद करतो, उपअभियंता काही नोंदी पडताळतो, मग कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातून बिल निघतं. सगळ्यात महत्त्वाच्या नोंदी झाकल्या जाणाऱ्या कामाच्या असतात. पाया किती खोल गेला, सळी कोणत्या जाडीची पडली, भिंतीच्या मागचं पाणी निघायला जागा ठेवली का, हे माती टाकण्याच्या आधीच मोजायचं असतं. माती पडल्यावर ते फक्त त्या पानावर उरतं. भिंत पडल्यावर ते पान साक्ष देतं, खरी किंवा खोटी.

त्याच्या शेजारी दुसरा कागद असतो, कामाचा करारनामा. त्यात ‘दोष दायित्व कालावधी’ लिहिलेला असतो. तेवढ्या वर्षांत काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. रस्त्याच्या कडेला लावलेल्या फलकावर हा कालावधी अनेकदा छापलेला असतो. आपण तो फलक वाचत नाही, फोटो कुणाचा आहे एवढं बघतो. मुदत संपल्यावर खड्डा पडला तर तो खड्डा आपल्या पैशानं भरला जातो. मुदतीच्या आत पडला आणि कुणी तक्रार केली नाही, तरी आपल्याच पैशानं भरला जातो.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे, आणि ती दुर्घटनेनंतरची नाही, आधीची आहे. आपल्या गावातला नवा पूल, शाळेची नवी खोली, घाटाची नवी भिंत, ओढ्यावरचा नवा बंधारा, यातलं एक काम निवडा. फलकावरची तारीख, ठेकेदाराचं नाव आणि दोष दायित्व कालावधी वहीत लिहून घ्या. मग साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि मोजमाप पुस्तकाच्या पानांची नक्कल मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २(ञ) कागद पाहायचाच हक्क देऊन थांबत नाही. चालू कामाची पाहणी करायचा आणि त्या कामात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क तुम्हाला देतं. सिमेंटचा, वाळूचा, सळीचा नमुना तुम्ही मागू शकता, आणि तो खात्याला द्यावा लागतो.